सल्ला हवा: वारसास्थळं पाडल्याच्या खटल्यांपैकी कोणता घ्यावा?

मुक्ता_एलएलएम: शोधनिबंधाला एकच खटला घ्यायचाय. ५००० शब्द, ६ आठवडे, फ्रेंच येत नाही. मालीतल्या टिंबक्टूच्या वास्तू पाडणारा अल माहदी की क्रोएशियातल्या डुब्रोव्निकवर तोफा डागणाऱ्या फौजेचा सेनापती स्ट्रुगार, एवढंच ठरवायचंय.

कलमबहाद्दर: डोळे झाकून अल माहदी. आयसीसीने (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने) निव्वळ वारसास्थळांवरच्या हल्ल्यासाठी दिलेली पहिली शिक्षा. १० वास्तू, ९ वर्षं कैद. २७ सप्टेंबर २०१६चा निकाल पन्नास पानांच्या आत आहे. भरपाईचा २०१७चा आदेश वेगळा वाचा: २७ लाख युरो.

जुना_वकील: गुन्हा कबूल झालेला खटला कसला अभ्यासायचा? उलटतपासणीच नाही! स्ट्रुगार घ्या. ६ डिसेंबर १९९१चा तोफमारा, ५२ इमारतींचं नुकसान सिद्ध. जुन्या शहरातून गोळीबार होत होता हा बचाव टिकला नाही. पण त्याने हल्ल्याचा हुकूम दिला हेही सिद्ध झालं नाही. शिक्षा झाली ती हाताखालच्यांना आवरलं नाही म्हणून. ८ वर्षं, अपिलात साडेसात.

पूलप्रेमी: दोन्ही सोडा, बोस्नियातल्या मोस्तारचा पूल घ्या, प्रलिच खटला. सहा खंड आहेत, मूळ फ्रेंच, पण इंग्रजी भाषांतर मिळतं. २०१३मध्ये युगोस्लाव्हियाचं न्यायाधिकरण (स्ट्रुगारचा खटलाही तिथलाच) म्हणालं, पूल लष्करी लक्ष्य होता, पण नागरिकांना झालेली हानी प्रमाणाबाहेर. २०१७च्या अपिलात पुलापुरता दोष रद्द. लक्ष्य लष्करी ठरलं की 'लष्करी गरज नसताना नासधूस' हा घटकच गळतो.

जुना_वकील: सहा खंड, ६ आठवड्यांत? प्रश्न तरी वाचा.

भटक्या: बामियान का नको? सगळ्यांना माहीत आहे.

कलमबहाद्दर: अफगाणिस्तानातल्या त्या बुद्धमूर्ती फोडल्या मार्च २००१मध्ये, आयसीसीची स्थापना करणारी रोम संविधी लागू झाली १ जुलै २००२ला. खटलाच नाही. आणि पुढचा प्रश्न येण्याआधीच सांगतो: भारत युद्धात वारसा जपण्याच्या १९५४च्या हेग करारात आहे, १९९९च्या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये नाही, रोम संविधीतही नाही.

नकाशेवाला: खटला कुठलाही घ्या, पुराव्यावर एक प्रकरण हवंच. आधीचं आणि नंतरचं उपग्रहचित्र वास्तू कोणत्या तारखांच्या दरम्यान पडली ते सांगतं, कोणी पाडली ते नाही. त्यासाठी व्हिडिओ लागतो. मूळ फाइल घ्यायची, मिळताक्षणी हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढून नोंदवायचा, मग मिनार आणि सावल्या जुळवून जागा पक्की करायची. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फाइलचा मेटाडेटा (वेळ-ठिकाणाच्या नोंदी) गेलेला असतो.

मी_पण: +१ अल माहदी. निकाल लहान आहे.

कलमबहाद्दर: हे मी वरच लिहिलंय. बाकी, काँगोतला बंडखोर सेनानी एन्टागांडा, त्याच्या आयसीसीतल्या खटल्याला मात्र हात लावू नका. ५३९ पानं, आणि वारशाचा भाग सायोच्या एका चर्चपुरता. अल माहदीत 'हल्ला' म्हणजे वास्तू ताब्यात आल्यावर केलेली मोडतोडसुद्धा. एन्टागांडात चर्चमधला प्रकार चढाईनंतर काही काळाने झाला म्हणून तो 'हल्ला' नाही! शब्द तेच, रोम संविधीचं कलमही तेच, ८(२)(ई)(४).

मुक्ता_एलएलएम: सर्वांचे आभार. एन्टागांडा घेतेय. सायोचे परिच्छेद आणि ३० मार्च २०२१चा अपील निकाल, तेवढंच. ५००० शब्दांत 'हल्ला' म्हणजे काय, हा एक प्रश्न मावतो.

जुना_वकील: मग विचारलंत कशाला? असो. अपिलात बहुमत झालं, पण कारणं प्रत्येकाची वेगळी. स्वतंत्र मतं आधी वाचा, नाहीतर 'न्यायालय म्हणतं' असं लिहून बसाल.