ब्लीच आणि स्ट्रेटनर चालू ठेवून केस कमरेपर्यंत वाढवायचे आहेत

रानजाई

नमस्कार. केस काळे, जाड, किंचित लाटदार. सध्या खांद्याच्या खाली चार बोटं आहेत, कमरेपर्यंत वाढवायचे आहेत. मात्र मला हायलाइट्स हवेत, राखाडी झाक असलेल्या फिकट सोनेरी रंगात. ऑफिसमुळे आठवड्यातून दोनदा स्ट्रेटनरही लागतोच. कुठेही विचारलं की "दोन्ही सोडून दे" एवढंच सांगतात. दोन्ही ठेवून केस टिकवायचे असतील तर काय काय पाळावं लागेल? डेव्हलपर (ब्लीच पावडरीत मिसळायचं पेरॉक्साइड) किती व्हॉल्यूमचा, स्ट्रेटनरचं तापमान किती, ट्रिम किती महिन्यांनी? घरी बोअरचं पाणी आहे. कृपया आकड्यांसकट सांगा.

शलाका

आधी लांबीचा हिशेब मांडू. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, वर्षाला १२ ते १५. ब्लीचने किंवा इस्त्रीने हा वेग कमी होत नाही, कारण वाढ टाळूच्या आत होते आणि बाहेर आलेला केस मृत असतो. "माझे केस वाढतच नाहीत" म्हणणाऱ्यांचे बहुतेकदा वरून वाढतात तेवढेच खालून तुटत असतात. तुम्हाला कमरेपर्यंत अजून साधारण ३५ सेंटिमीटर हवेत. दर चार महिन्यांनी १ सेंटिमीटर कापलं असं धरलं तर तीन ते चार वर्षं लागतील. म्हणजे आज ब्लीच केलेलं टोक तेवढी वर्षं तगायला हवं. बाकी सगळे निर्णय यावरून घ्या.

यातून एकच नियम निघतो आणि तो मोडायचा नाही: केसाच्या कुठल्याही भागाला आयुष्यात एकदाच ब्लीच लागलं पाहिजे.

म्हणून ग्लोबल, म्हणजे डोकंभर एकच रंग, नको. त्यात दर सहा-आठ आठवड्यांनी मुळं भरावी लागतात, दर वेळी ब्लीच आधीच्या फिकट भागावर थोडं चढतं आणि नेमका त्या जोडावर केस तुटतो. बालायाज (ब्रशने मोकळ्या हाताने लावलेले हायलाइट्स) किंवा बारीक बटांचे फॉइल (ब्लीच लावून फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बटा) घ्या. रंग मुळापासून चार-पाच बोटं सोडून सुरू करा, तोही हळूहळू गडद ते फिकट होत जाणारा. मुळं वाढली तरी रेघ दिसत नाही, त्यामुळे पुढचं सेशन पाच-सहा महिन्यांनी केलं तरी चालतं. त्या वेळी नव्या, काळ्या बटा निवडायच्या. जुन्या बटांना फक्त टोनर, म्हणजे उजळलेल्या केसाची झाक बदलणारा सौम्य रंग.

रंगाबद्दल स्पष्ट सांगते, राखाडी सोनेरी सोडा. काळा केस उजळताना आधी तांबूस तपकिरी होतो, मग लाल, केशरी, पिवळा, आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. राखाडी झाक या शेवटच्या पायरीवरच नीट बसते. काळ्या जाड केसाला तिथवर न्यायला बहुधा दोन-तीन वेळा ब्लीच लागतं आणि शेवटच्या पायऱ्यांतच केस सगळ्यात जास्त झिजतो. केशरी-पिवळ्यावर थांबलात तर कॅरॅमल, मध, तांबूस सोनेरी हे रंग एका सेशनमध्ये मिळतात. आपल्या वर्णाला ते शोभतातही.

मिश्रण: ३० ग्रॅम ब्लीच पावडरला ६० मिली डेव्हलपर, २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. ३० आणि ४० व्हॉल्यूमने (९ आणि १२ टक्के) काम लवकर उरकतं, पण कुठे थांबायचं ते हातात राहत नाही. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची हवी, धातूची नको. फॉइलवर ड्रायरची ऊब देऊ देऊ नका. दर दहा मिनिटांनी एका बटेवरचं ब्लीच पुसून रंग बघायचा. पाकिटावरची कमाल वेळ झाली की हवा तो रंग आला नसला तरी धुऊन टाकायचं. पार्लरमध्ये मिश्रण तुमच्यासमोर करायला सांगा. विचारायला संकोच करू नका.

आणि त्याआधी स्ट्रँड टेस्ट. मानेवरच्या आतल्या थरातले वीस-पंचवीस केस घ्या, त्यांना तेच मिश्रण तेवढाच वेळ लावा, धुवा, वाळवा. दुसऱ्या दिवशी ओले करून हलके ताणा. थोडे ताणून परत जागेवर आले तर पुढे जा. ताणले जाऊन तसेच लांब राहिले, बोटांना बुळबुळीत लागले, तर थांबा.

खडीसाखर

उष्णतेचं मी सांगते, आधी कारण. केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर मेदाचा एक अतिशय पातळ थर असतो. तो ब्लीचमध्ये निघून जातो आणि परत तयार होत नाही. त्यामुळे ब्लीच झालेला केस भराभर पाणी पितो, फुगतो, शेजारच्या केसात अडकतो. केसाला बळकटी देणारे आतले गंधकाचे दुवेही तुटतात, त्यातले बरेच कायमचे. हे दुवे सांधण्यासाठी मिळणाऱ्या बाँड ट्रीटमेंटने ताकद काही प्रमाणात सुधारते, केस कोरा होत नाही. ३० व्हॉल्यूम लावून वर महागडं बाँड ट्रीटमेंट घेण्यापेक्षा २० व्हॉल्यूमवर थांबणं कितीतरी शहाणपणाचं.

आता आकडे. ब्लीच केलेल्या बटांना १४० ते १६० अंश सेल्सिअस. बाकीच्या जाड काळ्या केसांना १७० ते १८०. त्यापुढे नाही. ज्या मशीनला फक्त चालू-बंदचं बटण आहे ते बहुधा २०० च्या आसपास किंवा वर चालतं, ते बाजूला ठेवा. अंश दाखवणारं घ्या.

सगळ्यात मोठं नुकसान ओलसर केसावर इस्त्री फिरवल्याने होतं. केसात अडकलेल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते आणि केसाच्या पोटात पोकळ्या पडतात. साधारण १२५ अंशांवरही हे होऊ शकतं. तो केस पुढे त्याच जागी मोडतो. इस्त्री फिरवताना चर्र आवाज आला की लगेच थांबा, केस वाळलेला नाही.

धुतल्यावर पाणी टिपून घ्या, मग लांबीवर हीट प्रोटेक्टंटचे सहा-आठ फवारे मारा आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने पसरवा. नुसतं वरवर मारलं तर आतल्या थरांना काहीच लागत नाही. ड्रायर मध्यम आचेवर, केसापासून वीतभर लांब, तोंड खालच्या दिशेला, सतत हलता. केस पूर्ण वाळले की दोन बोटं रुंदीच्या बटा घेऊन प्रत्येकीवर एकदाच, न थांबता इस्त्री. खालची चार बोटं आली की वेग वाढवा, कारण टोकं सगळ्यात जुनी असतात. हीट प्रोटेक्टंटने नुकसान कमी होतं, थांबत नाही. म्हणून तो लावलाय म्हणून तापमान वाढवायचं नाही.

आठवड्यातले दोन दिवस असे वाटून घ्या: एका दिवशी धुऊन पूर्ण इस्त्री, दुसऱ्या वेळी फक्त चेहऱ्याभोवतीच्या आणि वरच्या थरातल्या बटा. आतल्या थराला कोण बघतंय?

गुलबक्षी

कुणी विचारलंच नाही, म्हणून मी विचारते. रानजाई, केसांना आधी काही लावलंय का? मेंदी, काळी मेंदी, किंवा केस सरळ करणारं स्मूदनिंग, केराटिन, रिबाँडिंग?

रानजाई

रिबाँडिंग वगैरे काही नाही. गेल्या वर्षीपर्यंत काळी मेंदी लावत होते, सुट्या पाकिटातली. खालच्या अर्ध्या लांबीवर तिचा अंश असेल.

शलाका

बरं झालं विचारलंत. मग वर लिहिलेलं सगळं थोडं थांबवा.

नुसत्या मेंदीच्या पाल्याचा ब्लीचशी धोका नसतो, फक्त तिचा केशरी रंग हट्टी असतो. तिच्यात नीळीच्या पाल्याची पूड मिसळलेली असेल तर ब्लीचनंतर हिरवट छटा येते आणि ती काढताना नाकीनऊ येतात. खरी भीती धातूचे क्षार असलेल्या पावडरींची. पेरॉक्साइड लागलं की ते क्षार इतक्या जोरात उष्णता सोडतात की फॉइल हाताला चटका देतं आणि केस तिथेच तुटू शकतो. सुट्या पाकिटावर घटक लिहिलेले नसतात, त्यामुळे अंदाजाने ठरवू नका.

पार्लरमध्ये ही चाचणी करायला सांगा: काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूमचं पेरॉक्साइड २० मिली, त्यात अमोनियाचे २० थेंब, आणि मेंदी लागलेल्या भागातली एक छोटी बट, ३० मिनिटं. बुडबुडे आले, वाटी गरम झाली, घाण वास आला किंवा रंग झपाट्याने बदलला तर त्या भागाला ब्लीच अजिबात नाही. काही झालं नाही तरी स्ट्रँड टेस्ट त्याच भागातल्या केसांवर घ्यायची, मानेजवळच्या कोऱ्या केसांवर नको.

चाचणी बिघडली तरी वाट आहे. हायलाइट्स फक्त मेंदीच्या वरच्या, नव्या केसात घ्या, चेहऱ्याभोवती सात-आठ बारीक बटा. खालचा भाग ट्रिममध्ये हळूहळू निघून जाईल. आणि ब्लीच झालेल्या केसांवर पुढे कधीही रिबाँडिंग करू नका. ते रसायन उरलेले गंधकाचे दुवेच तोडतं.

कोकमसार

बोअरच्या पाण्याचं राहिलं. ब्लीच झालेला केस कॅल्शियम, मॅग्नेशियम, तांबं कोऱ्या केसापेक्षा जास्त ओढून घेतो. मग केस खरखरीत लागतात, रंग मळकट होतो आणि माणूस वर प्रोटीन मास्क थापत बसतो. त्याने आणखी कडक होतात. तीन-चार आठवड्यांतून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरा. नुसतं "क्लॅरिफायिंग" लिहिलेलं पुरत नाही, त्याने फक्त तेल आणि सिलिकोन निघतं. घटकांत ईडीटीए (क्षार बांधून घेणारा घटक) बघा. ते यादीत वर असावं. अगदी शेवटी असेल तर बहुधा ते टिकवणीपुरतंच असतं. एरवी शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या, लिटरभर पुरतं.

तेल खोबरेलच. यावर मुंबईतच काम झालंय. मॅरिको कंपनीच्या रेळे आणि मोहिले यांचा २००३ चा शोधनिबंध आहे. त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातून निघून जाणारं प्रथिन खोबरेलाने कमी केलं, ब्लीच केलेल्या केसांतही. बाकी दोन तेलांनी नाही. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे ध्यानात ठेवूनही कारण पटतं: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसात शिरतं. दोन चहाचे चमचे तेल पुरे, धुण्याआधी तासभर किंवा आदल्या रात्री, कानाखालच्या लांबीवर. इस्त्रीच्या दिवशी धुण्यानंतर तेल नको.

शाम्पू टाळूवर, कंडिशनर कानाखाली, दोन-तीन मिनिटं. केस पंच्यात दाबून टिपा, चोळू नका. रंग केशरीकडे झुकला तर निळा शाम्पू, पिवळ्याकडे झुकला तर जांभळा, पंधरा दिवसांतून एकदा. रोज वापरला तर केस कोरडे होतात.

गुलबक्षी

अजून एक. केस गळताना दिसले की सगळा दोष ब्लीचला देऊ नका. गळलेल्या केसाचं टोक बघा. पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळासकट आलाय. दिवसाला ५० ते १०० पर्यंत हे नेहमीचं. फार वाढलं असेल तर दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, बाळंतपण, कडक डाएट असं काही झालं होतं का ते आठवा, आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. गाठ नसलेले आखूड तुकडे कंगव्यात येत असतील तर ती तूट आहे. तेव्हा तापमान वीस अंश कमी करा आणि पुढचं ब्लीच लांबवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी वाटीतली चाचणी करून घेते, राखाडीचा हट्ट सोडला. ट्रिम चार महिन्यांनीच ना? मधे फाटे दिसले तर?

खडीसाखर

हो, चार महिन्यांनी १ सेंटिमीटर, आणि पार्लरमध्ये ते बोटांनी मोजून दाखवा. मधे फाटे दिसले तर उन्हात बसून एकेक बट पिळा. बाहेर डोकावणारे फाटे टोकाला नाही, फाट्याच्या वर १ सेंटिमीटरवर कापा, नाहीतर तो पुन्हा वर चिरत जातो. कात्री केसांचीच हवी. कागदाच्या बोथट कात्रीने केस चिरडतो आणि तिथूनच नवा फाटा फुटतो.