मगरीची पिल्लं: तीन दिवसांत फरक नाही, अँटिबायोटिक बदलू?

खाजणवाला:
शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी, मग चार वर्षं कोळंबीची तळी. आता थायलंडात मगरपालनात आहे, शिमग्याला गुहागरला आलोय. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा धंदाच नाही. आई शेजारणींना सांगते, 'सुसरी राखायला जातो.') जानेवारीत वर्षाच्या आतली पिल्लं खाईनाशी झाली. पोटं लालसर, दोघांच्या जबड्याखाली गाठ. मॅनेजरने एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक खाद्यात मिसळायला लावलं, तीन दिवसांनी दुसरं. पिल्लं अजून मरतायत. मी गेल्यावर काय करू?

पोफळी:
आम्ही कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यावर अँटिबायोटिक ओतलं होतं. तो निघाला विषाणू. पैसे खाडीत.

गुरांचा डॉक्टर, दापोली (निवृत्त):
पोफळी, तुमचं दुखणं वेगळं. इथे बहुतेक जिवाणूच असणार.

पण बाळा, पाण्याचं तापमान लिहिलंच नाहीस. मगर अंगात ऊब तयार करत नाही, पिल्लांना ३२ अंशांच्या आसपास लागतं. पाणी गार असलं की रोगाशी झुंजायची ताकदही थंडावते आणि औषधही अंगात रेंगाळतं. तीन दिवस हा गाईम्हशींचा हिशोब झाला. सापा-कासवांत सेफ्टाझिडिमचं इंजेक्शन ७२ तासांनी एकदा देतात. तुमच्या मॅनेजरच्या घड्याळाने पहिल्या सुईनंतरच औषध बदललं असतं! आणि जे पिल्लू खातच नाही त्याच्या पोटात खाद्यातलं औषध जाणार कसं? ते खातात धडधाकट.

गाठीचं सांगतो. जाळ्याने कापलेलं एक कासव एकदा माझ्याकडे आणलं होतं. वल्ह्यासारखा पुढचा पाय सुजलेला. चिरला तर पू वाहिलाच नाही, घट्ट खरवसासारखी वडी निघाली, चिमट्याने उचलली. सरपटणाऱ्यांचा पू असाच. त्यात औषध शिरत नाही, आधी गाठ रिकामी करावी लागते.

नुकत्याच मेलेल्या पिल्लाचे नमुने प्रयोगशाळेत द्या. जिवाणू कुठला, एरोमोनास, सुडोमोनास की साल्मोनेला, आणि कुठलं औषध लागू पडतं, ते कळू दे. जेंटामायसिन कुणी सुचवलं तर पिल्लाच्या अंगात पाणी पुरेसं आहे का बघा, नाहीतर मूत्रपिंडं जातात.

खाजणवाला:
आत्ता तिथल्या मित्राला विचारलं. पाणी २५. डिझेल वाचवायला बॉयलर नोव्हेंबरपासून बंद.

गुरांचा डॉक्टर, दापोली (निवृत्त):
मग डिझेलचं आणि औषधाचं बिल मॅनेजरपुढे शेजारी शेजारी ठेव. आणि टाकी साफ केल्यावर हात साबणाने धू, साल्मोनेला माणसालाही सोडत नाही.