मशीन म्हणतं 'एस', हूनेट म्हणतं 'आर'. खरं कुणाचं धरू?

प्लेटवाली_ताई:
नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात मायक्रोबायोलॉजीची टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं जंतूंच्या प्लेटवर अँटिबायोटिकची डिस्क लावून पट्टीने झोन (डिस्कभोवतीचा जंतू न वाढलेला गोल) मोजण्यात गेली. मग ऑटोमेटेड मशीन आलं. शुद्ध कॉलनी उचलायची, सलाइनमध्ये कालवायची, मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप) बघायचं, कार्ड आत सरकवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जंतूचं नाव आणि एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी औषधाची सगळ्यात कमी मात्रा) हजर. माझी मान वाचली, खोटं कशाला बोलू.

आता मॅडमना वर्षाचा अँटिबायोग्राम हवाय, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती चालतं त्याचा तक्ता. हूनेट हे अशा निकालांचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून उतरवून घेतलं, मशीनची फाइल बॅकलिंकमधून (त्याच्या फाइल बदलून घेणाऱ्या प्रोग्राममधून) आत ओढली. लघवीतल्या ई. कोलाय जंतूचे 212 आयसोलेट (नमुन्यांतून वेगळे काढलेले जंतू) निघाले. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या रकान्यात 17 ठिकाणी मशीन 'एस' (औषध लागू पडेल) म्हणतंय आणि हूनेट 'आर' (लागू पडणार नाही). एमआयसी दोन्हीकडे तीच, 1! तीनदा फाइल घेऊन बघितली.

आणखी एक. 'प्रत्येक रुग्णाचा पहिलाच आयसोलेट' हा पर्याय निवडला तर 212 चे 209 झाले. फक्त तीन कमी? एका आजोबांचे कॅथेटरचे नमुने मी स्वतः नऊ वेळा लावलेत. त्यांना विसरणं शक्यच नाही, दर वेळी त्यांची सून लॅबच्या दारात उभी असायची.

झोन_तेवीस:
ताई, फाइल बरोबर आहे. मशीन मोजतं ती एमआयसी. 'एस' की 'आर' हे त्या आकड्यावरून कोष्टक बघून ठरतं, आणि कोष्टक बदलत असतं. सीएलएसआय या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2019 साली एन्टेरोबॅक्टेरालीससाठी (ई. कोलाय ज्यात येतो तो गट) सिप्रोचे ब्रेकपॉइंट, म्हणजे एस-आर ठरवणाऱ्या सीमा, खाली आणले. आधी 1 पर्यंत 'एस' होतं. आता 0.25 पर्यंत 'एस', 0.5 म्हणजे 'आय' (मधलं) आणि 1 पासून पुढे 'आर'. तुमच्या मशीनमध्ये जुनं कोष्टक बसलंय, हूनेटमध्ये नवं. डिस्कचंही तसंच झालं. 23 मिलिमीटरचा झोन पूर्वी आपण डोळे झाकून 'एस' लिहायचो, आता तो 'आय'. (माझ्या नावाचा उगम कळला असेल.)

सिप्रोवर थांबू नका. मेरोपेनेमचे 2010 मध्ये बदलले, 4 ऐवजी 1 पर्यंतच 'एस'. कोलिस्टिनला तर 2020 पासून सीएलएसआयमध्ये 'एस' ही वर्गवारीच उरलेली नाही. मशीन अजून 'एस' छापत असेल तर ते सगळ्यात आधी बंद करा.

जुनं वर्ष दुरुस्त होईल, कारण तुमच्याकडे आकडे आहेत. आमच्याकडे दोन वर्षं एक्सेलमध्ये नुसतं एस-आर टाइप केलं होतं. ते सगळं वाया गेलं. आणि त्या 17 पैकी कुणी अजून वॉर्डात असेल तर मॅडमना सांगून त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन जाऊ दे, अँटिबायोग्राम नंतर.

केबलवाला:
मी लॅबची सॉफ्टवेअर जोडतो, जंतूंतलं फारसं कळत नाही. पण तुमचे आजोबा कुठे गेले ते सांगू शकतो. कुठेच गेले नाहीत, त्यांची नऊ माणसं झाली. हूनेट रुग्ण ओळखतं तो ओळख क्रमांकावरून. तुमच्याकडे दर भेटीला नवा केसपेपर निघत असणार आणि तोच नंबर मशीनमध्ये टाइप होत असणार. नावावरून जुळवायला जाऊ नका. एका ठिकाणी एकच बाई शेख, शैख आणि नुसती एस. अशा तीन नावांनी सापडली होती.

झोन_तेवीस:
हे महत्त्वाचं बोललात. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचीच कल्चर पुन्हा पुन्हा येतात, आणि त्याचा जंतू बहुतेक वेळा हट्टी असतो. नऊ वेळा मोजला की गावभर रेझिस्टन्स दिसायला लागतो.

निवृत्त_इनक्युबेटर:
आमच्या वेळी ग्रॅम स्टेन (रंगवलेला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली) बघितल्याशिवाय कुणी सही करत नसे. कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी आली तेव्हा काही मशिनांच्या डेटाबेसमध्ये ती नव्हतीच. मशीन ठामपणे 'हेम्युलोनी' (तिच्या जवळची दुसरी कॅन्डिडा) म्हणायचं, आणि लोक तेच छापायचे. मशीन 'माहीत नाही' म्हणालं तर मला बरं वाटतं. ताई, पट्टी फेकून देऊ नका.

प्लेटवाली_ताई:
सगळ्यांचे आभार. सेटिंगमध्ये खोल जाऊन बघितलं, कोष्टक 2018 चं निघालं. चार वर्षं मी ते पान उघडलंच नव्हतं, आणि कुणी उघडायला सांगितलंही नव्हतं. 17 पैकी दोघं अजून वॉर्डात आहेत, मॅडमनी दुपारीच फोन केले. कोलिस्टिनचा रकाना रिपोर्टमधून काढला.

केसपेपरचंही खरं निघालं. नोंदणीच्या खिडकीवर म्हणाले, कायमचा नंबर प्रत्येक केसपेपरवर छापलेला असतोच, वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. आम्ही खालचा मोठा टाइप करत होतो. काल रात्री बसून 212 नोंदींना वरचा नंबर लावला. पहिलाच आयसोलेट धरून आता 171 उरलेत. आजोबा एकदाच आहेत.

मशीनचा इंजिनियर मंगळवारी येतोय. पट्टी ड्रॉवरमध्येच आहे, काका.