मदत हवी आहे: पणजोबांचे मोडी कागद कोण वाचून देईल?

मंडळी, माळा आवरताना पणजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत मोडीतले कागद, दोन-तीन कागदांवर कोल्हापूर संस्थानचा शिक्का. आजी सांगायची, ते व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगात राहून शिकले आणि दरबारच्या नोकरीला लागले. बोर्डिंग निघालं १९०१ ला. पुढच्याच वर्षी, २६ जुलै १९०२ ला, शाहू महाराजांनी नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. यातला एखादा कागद त्या नेमणुकीचा असेल का, या विचारानं झोप लागत नाही.

कागद घडीवर तुटतायत, कडा कसरीनं खाल्ल्यात. लॅमिनेशनला माझं मन धजत नाही. कोल्हापुरात खात्रीनं मोडी वाचणारं कोण आहे? बोर्डिंगची जुनी दप्तरं कुठं बघायला मिळतील? आणि तोवर हे कागद ठेवू कशात?