उ: आधी रोजगार की आधी नदी?

वर एकानं लिहिलंय की प्रदूषणानं होणाऱ्या नुकसानीचा हिशेब हे श्रीमंत देशांचे लाड, आपण आधी रोजगार बघू. भावा, अजिबात पटलं नाही. उन्हाळ्यात शिरोळकडं पंचगंगेत मासे मरून तरंगतात, जलपर्णी पसरते, तेव्हा मासेमारी करणाऱ्याचा रोजगार बुडतोच की, तो हिशेबात कुणी धरायचा?

आणि प्रदूषण कसं मोजायचं, कसं कमी करायचं यावरचं संशोधन आपल्यासारख्या ठिकाणीही झालंय. गुजरातमध्ये कारखान्यांचं प्रदूषण तपासणारा ऑडिटर कारखानदारच निवडायचा, पैसेही तोच द्यायचा, मग काय, रिपोर्टात आकडे कायम मर्यादेच्या जरासे खाली! डुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या प्रदूषण मंडळाला घेऊन प्रयोग केला, ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा नेमायचा, पैसे कॉमन फंडातून, काही नमुने परत दुसऱ्याकडून तपासायचे. ऑडिटर खरं लिहायला लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणसुद्धा कमी केलं. पेपर २०१३ चा आहे, जरूर वाचा. पुढं २०१९ पासून सुरतला धुराच्या परवान्यांचा बाजारही सुरू झाला, म्हणजे धूर सोडायचे परवाने कारखान्यांनी एकमेकांत विकत घ्यायचे-विकायचे.

मला तर वाटतं आपल्या नदीतल्या सांडपाण्याच्या नमुन्यांवर असंच काहीतरी करून बघायला पाहिजे. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारं कुणी इथं असेल तर बोला, नमुने गोळा करायला मी येतो.