मदत हवी आहे: बोस्टनच्या मळीच्या पुराबद्दल प्रश्नमंजुषेचा प्रश्न

१५ जानेवारी १९१९ ला बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात मळीची (साखर बनवताना उरणाऱ्या दाट, काळ्या पाकाची) टाकी फुटली. सुमारे ८७ लाख लिटर मळी रस्त्यावर आली, २१ माणसं गेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. यावर प्रश्न काढतोय, दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं, शब्द. बऱ्याच जणांनी 'काकवीचा पूर' लिहिलंय. पण हा माल औद्योगिक अल्कोहोलसाठीचा होता, पोळीशी खायचा नव्हे, म्हणून मला 'मळी'च बरोबर वाटतं. कारखान्यातल्या मंडळींना पटतंय का?

दुसरं, उत्तरातलं कारण. 'गरमीने फुटली' हे निव्वळ थाप, भर जानेवारी होता. टाकी १५ मीटर उंच. मळी पाण्याच्या साधारण १.४ पट जड, म्हणजे तळाच्या पत्र्यावर २१ मीटर पाण्याइतका दाब. पत्रा त्या मानाने पातळच, आणि चाचणीला पाणी भरलं किती, तर सहा इंच! गळती दिसू नये म्हणून टाकीला तपकिरी रंगही फासला होता. फुटायच्या आधी दोनच दिवस जहाजातून आलेली कोमट मळी जुन्या थंड मळीवर ओतली होती.

साखर कारखान्यात किंवा डिस्टिलरीत टाक्या सांभाळणाऱ्यांनी सांगा: अशा भरण्याने आंबून वायूचा दाब कितपत वाढतो? टाकीला वरून वायुमार्ग असेल तर हा मुद्दा उत्तरात ठेवू की पत्र्याच्या जाडीवरच थांबू?