नाताळचे जुने कार्टून स्पेशल: सुरुवात कुठून करावी?

नवाप्रेक्षक: १९६०च्या दशकात नाताळानिमित्त टीव्हीवर आलेले अमेरिकन अ‍ॅनिमेशनपट पाहायचे आहेत. सोबत पाच-सहा वर्षांची मुलं असतील. आधी काय लावावं? आणि 'रुडॉल्फ' (लाल चमकत्या नाकाच्या रेनडियरची गोष्ट) लावला की बाहुल्या विचित्र गुळगुळीत हलतात, हा प्रिंटचा दोष का?

रीळवेडा: प्रिंट नाही, तुमचा टीव्ही आगाऊपणा करतोय. 'रुडॉल्फ' (१९६४) स्टॉप-मोशन आहे: बाहुली जराशी हलवायची, फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची. त्यातला बारीक झटका हीच मजा. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग दोन फ्रेमांमध्ये स्वतःच्या फ्रेमा घुसडून तो पुसून टाकतं. पिक्चर सेटिंगमध्ये ते बंद करा. फिल्ममेकर मोड (टीव्हीच्या अशा करामती बंद करणारं सेटिंग) असेल तर थेट तोच लावा. चित्र ४:३ मध्येच, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारातच ठेवा. पडदा भरायला झूम केलंत तर वरचं-खालचं मिळून पाव चित्र जातं.

शाईदौत: मुलांसाठी पहिला 'ग्रिंच' (नाताळचा तिटकारा असलेल्या हिरव्या प्राण्याची गोष्ट), पण १९६६चाच, चक जोन्सने दिग्दर्शित केलेला. शोधताना २००० आणि २०१८चे सिनेमे आधी येतात, साल बघून लावा. अर्ध्या तासाच्या आत संपतो. नाताळ चोरायची कल्पना सुचल्यावर ग्रिंचचं हसू गालभर पसरत कसं वर वळतं, ते बघा. त्या काही सेकंदांत एकही संवाद नाही. निवेदन बोरिस कार्लॉफचं. गाणं मात्र थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टचं. श्रेयनामावलीत त्याचं नावच नसल्याने लोक तेही कार्लॉफच्या खात्यावर टाकतात.

'चार्ली ब्राउन' (१९६५) मोठ्यांना जास्त भिडतो. विन्स ग्वाराल्डीचं जॅझ, मुलांना खऱ्या मुलांचेच आवाज, मागून ऐकू येणारं रेकॉर्डेड हसू नाही. चार्लीचा मित्र लायनस, जो चादर कधी सोडत नाही, रंगमंचावर बायबलमधला उतारा म्हणतो तेव्हा 'भिऊ नका' या शब्दांपाशी त्याच्या हातची चादर सुटते. तिथे लक्ष ठेवा.

तिरकसराव: 'रुडॉल्फ'बद्दल माझं मत जरा कडू आहे. नाक कामाला आलं तेव्हाच सगळ्यांना त्याचा पुळका! सांतासुद्धा आधी नाक मुरडतोच. शिवाय १९६४च्या पहिल्या प्रसारणात गोष्टीतल्या नकोशा, टाकाऊ खेळण्यांना कुणी सोडवायला जातच नाही. प्रेक्षकांची तक्रारपत्रं आली, म्हणून पुढच्या वर्षी तो प्रसंग जोडला. लांबीही पाऊण तासाहून जास्त, लहानगी मध्येच उठतात.

'फ्रॉस्टी' (१९६९), जिवंत झालेल्या बर्फाच्या माणसाची गोष्ट, कथेला पातळ आहे, पण चालेल. वितळतो आणि परत येतो.

शाईदौत: सांताबद्दल सहमत. तरी बाहुल्यांसाठी बघावाच. एक इशारा: 'द स्नोमॅन' (१९८२) ब्रिटिश आहे, पण याच यादीत सुचवला जातो. खडूने रंगवल्यासारखी चित्रं, जवळपास संवादच नाहीत. मात्र शेवटी बर्फाचा माणूस वितळतो आणि परत येत नाही. झोपायच्या वेळी लावू नका, रडारड ठरलेली.